विवाह नको, नोंद हवी : शासनाने नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी का?

सायंतारा (धागाकर्ती) | सोमवार, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी. माझे वय ६६ असून मी नाशिकला राहते. माझे पती एका खासगी कारखान्यात नोकरीला होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. आम्हाला मूल नव्हते. गेली तीन वर्षे मी आणि माझे एक स्नेही (वय ७१, विधुर, दोन विवाहित मुली) एकाच घरात राहतो. शेजाऱ्यांची कुजबुज आता थांबली आहे, त्यामुळे तो प्रश्न उरलेला नाही.

आम्हा दोघांनाही पुन्हा विवाह करायचा नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ नुसार विधवेचे निवृत्तिवेतन तिने पुनर्विवाह केला की थांबते. माझी रक्कम दरमहा दोन हजारांच्याही आत आहे, त्यामुळे कोणी लोभाचा आरोप करू नये. पण ती माझ्या पतीच्या रात्रपाळ्यांची कमाई आहे आणि ती सोडायला माझे मन घेत नाही. स्नेह्यांच्या धाकट्या मुलीला लग्न या शब्दानेच आईची जागा गेल्यासारखे वाटते, आणि मला तिचेही चूक वाटत नाही.

मात्र गेल्या पावसाळ्यात त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा अर्जावर 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. मी पेन हातात धरून बराच वेळ नुसती उभी होते. शेवटी 'बहीण' असे लिहिले. त्या खोट्याची लाज मला अजून वाटते.

प्रश्न असा, की विवाह आणि काहीच नाही यांच्यामध्ये कायद्याने एखादी पायरी का ठेवू नये? की शासनाने विवाह हा विषयच धर्माकडे आणि समाजाकडे सोपवून स्वतः फक्त दोन प्रौढ माणसांच्या सहजीवनाची नोंद ठेवावी?

निवृत्त_कारकून | सोमवार, सकाळी १०.४०

ताई, माझी बरीच नोकरी विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेली. लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात त्यात कोर्टाचा काही संबंध नसतो, हे सांगण्यातच माझी अर्धी वाणी खर्ची पडली. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य केलेले असावे लागते. मग नोटीस लागते, हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या होतात. दुसरा मार्ग म्हणजे आधीच झालेल्या लग्नाची १९९८च्या राज्य कायद्याखाली नोंद करणे. तिथे नमुना 'ड', लग्नपत्रिका आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही मागतात. दोन्ही दारांवर पाटी विवाहाचीच आहे. आपल्यासारखी जोडपी आमच्या टेबलाशी येत असत आणि विचारत, 'नुसते एकत्र राहतो असा दाखला मिळेल का?' आम्ही नाही म्हणायचो, कारण आमच्या रजिस्टरात तसा रकानाच नव्हता.

मांडवशोभा | सोमवार, सकाळी ११.०५

शासनाला विवाहातून बाहेर काढण्याची भाषा करणाऱ्यांनी आधी नवऱ्या मुलाच्या आत्याला मानपानातून बाहेर काढून दाखवावे, मग पुढचे बोलू.

तर्कटी | सोमवार, दुपारी १२.३०

माझे मत स्पष्ट आहे : शासनाने विवाह लावू नये आणि मोडूही नये. विवाह म्हणजे नेमके काय, हे ठरवण्याचा अधिकार एकदा सरकारला दिला की सरकारमध्ये बसलेल्या माणसांची नीती तुमच्या घरात शिरते. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली आणि त्याच वर्षी ब्राह्मण पुरोहिताशिवाय पहिले लग्न लागले. त्या वधूवरांनी सरकारकडे आधी परवानगी मागितली नव्हती. ज्याला सप्तपदी हवी त्याने ती घालावी, ज्याला निकाह हवा त्याने तो करावा, ज्याला काहीच नको त्याने काहीच करू नये. सरकारने भागीदारी संस्थेची नोंद ठेवतात तशी सहजीवनाच्या कराराची नोंद ठेवावी आणि वाद झाला तर करार वाचून निकाल द्यावा.

दूर्वांकुर | सोमवार, दुपारी २.१५

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, त्यामुळे तर्कटी यांच्या भागीदारी संस्थेतील दुर्बळ भागीदार मला रोज भेटतो. बहुधा ती बाई असते. करार वाटाघाटीने होतो आणि वाटाघाटीला दोन्ही बाजूंना थोडे तरी बळ लागते. सासरी नांदून वीस वर्षे भाकरी थापलेल्या बाईच्या हाती करारात काय लागणार?

शासन विवाहात शिरले ते नेहमी भल्यासाठीच, असे मात्र मी म्हणणार नाही. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लागले होते. बायकोने नांदायला यावे म्हणून नवऱ्याने १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, पहिल्या न्यायाधीशाने तो फेटाळला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. ज्या तत्त्वावर तो दावा लागला ते आपल्या शास्त्रांतले नव्हते. इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून ते इथे आले. ते आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये बसलेले आहे.

उलट बाजूही पाहा. भाऊराव लोखंडे यांनी १९६२ मध्ये पहिली पत्नी असताना 'गांधर्व' पद्धतीने दुसरे लग्न केले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना द्विभार्याच्या गुन्ह्यातून सोडले, कारण दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणजे होम केला नाही म्हणून गुन्हा घडला नाही! विवाह कोणता हे ठरवायचे काम विधींवर सोपवले की फायदा कोणाचा होतो, हे या निकालात दिसते.

तर्कटी | सोमवार, दुपारी २.५०

लोखंडे प्रकरण माझ्याच बाजूचे आहे. कायद्याने विधी मोजण्याऐवजी नोंद मोजली असती, तर ते सुटले नसते.

दूर्वांकुर | सोमवार, दुपारी ३.२०

हा मुद्दा मान्य आहे, पण कायदा अजून विधीच मोजतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक वैमानिक जोडपे आले होते. त्यांनी एका संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन लग्नाची नोंद केली होती आणि प्रत्यक्ष सोहळा पुढे ढकलला होता. विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. तामिळनाडूने १९६७ मध्येच हिंदू विवाह कायद्यात कलम ७अ घालून, पुरोहिताशिवाय हार किंवा अंगठी घालून केलेला स्वाभिमान विवाह वैध ठरवला. सत्यशोधक विवाहाची परंपरा महाराष्ट्राची, आणि कलम मात्र चेन्नईत झाले, याची मला वकील म्हणून खंत वाटते.

नीलपक्षी | सोमवार, रात्री ९.४५

धागा वाचत होतो. लिहावे की नाही याचा बराच विचार केला.

मी आणि माझा जोडीदार, दोघेही पुरुष, पुण्यात अकरा वर्षे एकत्र राहतो. सायंताराताई, तुम्ही 'बहीण' लिहिलेत, मी 'चुलत भाऊ' लिहितो. फरक इतकाच, की तुमच्यासमोर विवाहाचे दार उघडे आहे आणि तुम्ही आत जात नाही; माझ्यासमोर ते बंद आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी आम्ही दोघांनी रजा घेऊन समलिंगी विवाहाच्या याचिकांवरचा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल थेट प्रक्षेपणात पाहिला. विवाह करण्याचा मूलभूत अधिकार संविधानात नाही, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत होते. नागरी सहजीवनाच्या मान्यतेवर मात्र पीठ दुभंगले : सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांनी तो अधिकार मानला, न्यायमूर्ती भट, कोहली आणि नरसिंह यांनी मानला नाही. तीन विरुद्ध दोन. फेरविचाराच्या याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले, की आमच्यासारख्यांना संयुक्त बँक खाते उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला कोणतीही आडकाठी नाही. आम्ही खाते उघडले, आणि परतताना पेढे घेतले.

पण खाते म्हणजे घर नव्हे. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहते घर बक्षीसपत्राने दिले, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागते. मी माझ्या जोडीदाराला तेच घर द्यायचे तर परक्या माणसासारखे पूर्ण शुल्क भरावे लागेल, आणि वर त्याला ते उत्पन्न समजून आयकर लागेल, कारण आयकर कायद्याच्या 'नातेवाईक' या व्याख्येत मी कुठेच नाही. म्हणून तर्कटी यांचा 'सगळ्यांना सारखाच करार' हा विचार मला आकर्षक वाटतो. भीती एवढीच आहे, की प्रत्यक्षात सगळ्यांना विवाह आणि आम्हाला करार, अशी वाटणी होईल.

जुने_दप्तर | मंगळवार, सकाळी ८.३०

नीलपक्षी यांची भीती निराधार नाही, आणि तिचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रात दोन पायऱ्यांचे लग्न शेकडो वर्षे नांदले. पहिले ते 'लग्न'. विधवेचे किंवा सोडलेल्या बाईचे दुसरे तो 'पाट', काही भागांत 'मोहतूर'. अनेक जातींमध्ये पाट सर्रास लागत असे, आणि संबंध तोडायला काडीमोड होती. पाटाला पंचांची मान्यता होती, संतती औरस मानली जात असे, पण तो बहुधा रात्री, मोजक्या माणसांत लागे आणि पाटाच्या बाईला शुभकार्यात पुढे बोलावत नसत. मान्यता पुरेपूर आणि मान अर्धा, असा तो व्यवहार होता.

आता शासन त्यात कसे आले ते पाहा. १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. ज्या जातींमध्ये पाट आधीपासूनच चालत होता, त्यांना या कायद्याने नवे काहीच दिले नव्हते. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ते जप्तीचे कलम त्यांनाही लावले. सायंताराताईंचे दोन हजार रुपये ज्या विचाराने थांबतात, तो विचार या कलमाचा नातू आहे : बाई दुसऱ्या घरी गेली, आता पहिल्या घराचे देणे संपले.

मांडवशोभा | मंगळवार, सकाळी ९.००

कालची थट्टा मागे घेतो. आमच्या पणजीचा पाट लागला होता आणि तिने दोन्ही घरांची शेती राखली, असे घरात अभिमानाने सांगतात. रात्री का लागला, हे आजवर कोणी सांगितले नव्हते.

सायंतारा | मंगळवार, सकाळी ११.२५

जुने_दप्तर यांचा प्रतिसाद मी यांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, 'मग आपल्याला पाटच लावायचा आहे.' आम्ही दोघे बराच वेळ हसलो.

पण नीलपक्षी, तुमचे वाचून मी थोडी ओशाळलेही. मी जी खालची पायरी स्वखुशीने मागते आहे, ती तुम्हाला नाइलाजाने देऊ केली जाईल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. दोन्ही पायऱ्या सर्वांना खुल्या असल्या, तर तुमचा आक्षेप उरेल का?

नीलपक्षी | मंगळवार, दुपारी १.१०

ताई, तसे झाले तर आक्षेप उरणार नाही. विवाह माझ्यासाठी खुला असेल आणि तरीही मी नोंद निवडली, तर ती माझी निवड ठरेल. तुम्ही ओशाळू नका. अर्जातला तो रकाना आपल्या दोघांचाही शत्रू आहे.

सेनकाठी | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

मी गेली चौदा वर्षे फ्रान्समध्ये आहे. इथे १९९९ पासून 'पाक्स' नावाचा नागरी करार आहे. तो आला तेव्हा वाद समलिंगी जोडप्यांवरून पेटला होता, पण आज पाक्स करणाऱ्यांत बहुसंख्य जोडपी स्त्री-पुरुषांची असतात. २०१३ मध्ये विवाह सर्वांना खुला झाला, तरी पाक्स संपला नाही. माझा आणि माझ्या जोडीदाराचा पाक्स नगरपालिकेत झाला आणि त्याला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. करभरणा एकत्र होतो. मोडायचा तर दोघांनी, किंवा एकानेही, कळवले की पुरते.

गोष्ट गुळगुळीत वाटू नये म्हणून हेही सांगतो, की मृत्युपत्र नसेल तर पाक्समधील जोडीदाराला वारसा मिळत नाही आणि दिवंगत जोडीदाराच्या निवृत्तिवेतनाचा वाटाही मिळत नाही; तो फक्त वैवाहिक जोडीदाराला मिळतो. माझ्या आईला मी पुण्याला फोनवर 'आमची नोंद झाली' असे सांगितले, तेव्हा तिने 'बरं, मग लग्न कधी?' असे विचारले. दर दिवाळीला ती हेच विचारते.

शिवडी_लोकल | मंगळवार, रात्री १०.०५

नोंद हवी, नोंद हवी असे सगळे म्हणत आहेत, पण उत्तराखंडकडे कोणी पाहिले का? तिथे २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली आणि लिव्ह-इनची नोंद सक्तीची आहे. महिन्याच्या आत नोंदवले नाही तर तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि दोघांपैकी कोणी एकवीसपेक्षा लहान असेल तर घरी कळवले जाते. कायदा स्त्री-पुरुषांच्याच संबंधांचा आहे, म्हणजे नीलपक्षींना त्यातून हक्कही नाही. या रजिस्टराचा उपयोग हक्क देण्याला किती आणि नजर ठेवण्याला किती?

निवृत्त_कारकून | बुधवार, सकाळी १०.१५

शिवडी_लोकल यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि माझ्या पापाची कबुलीही देतो. विशेष विवाहाची नोटीस आम्ही फलकावर लावत असू. त्या फलकासमोर दर आठवड्याला येऊन नावे आणि आडनावे टिपून घेणारी माणसे मी पाहिली आहेत. तिसाव्या दिवसाच्या आत मुलीचे मामा दारात उभे राहत. एक मुलगी पुन्हा आलीच नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. ते वाचले तेव्हा मी निवृत्त झालो होतो.

तर्कटी यांच्या करारालाही एक इतिहास आहे. शेजारच्या गुजरातमध्ये मैत्री करार नावाचा प्रकार बोकाळला होता : विवाहित पुरुष मुद्रांक कागदावर दुसऱ्या बाईशी मैत्रीचा करार करीत. कायद्यात त्याला किंमत शून्य होती, हे त्या बाईला फार उशिरा कळे.

कुळागर | बुधवार, दुपारी ४.३०

गोव्याचा उल्लेख अजून कसा आला नाही, याचे आश्चर्य वाटते. आमच्याकडे शासन विवाहाच्या नंतर येत नाही, आधीच येते. नागरी निबंधकाकडे जाऊन दोघांनी विवाहाचा मानस नोंदवायचा. मग नोटीस लागते, आणि हरकत नसेल तर पुन्हा जाऊन कायम करायचे. लोक त्याला पहिली सही आणि दुसरी सही म्हणतात. देवळातले लग्न, जेवणावळ, रोसचा लग्नाआधीचा विधी हे ज्याचे त्याने करावे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा आणि १९१० च्या विवाहविषयक हुकुमांचा हा वारसा १९६१ नंतरही टिकला. आधी वेगळा करार केला नसेल, तर विवाहाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते, आणि घर विकायचे तर बायकोची सही लागते. माझ्या आईने त्या सहीच्या जोरावर एक कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, वाचवले, म्हणून हे नाव.

मात्र आमच्या संहितेची आरती करणाऱ्यांनी १८८०चा हुकूमही वाचावा. पत्नीला ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मुभा त्यात दिली होती.

तर्कटी | बुधवार, रात्री ८.५०

मी सोमवारी शासनाला बाहेर काढायला निघालो होतो. मैत्री करार आणि कुळागर यांच्या मातोश्रींची सही वाचून माझी भूमिका बदलते आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. नोंद ऐच्छिक असावी, तिची जाहीर नोटीस नसावी, आणि किमान हक्क कायद्यानेच ठरवलेले असावेत. ते करारावर सोडू नयेत. पुरोहिताची सही मागण्याचे कारण मला अजूनही समजत नाही, त्या बाबतीत मी तर्कटीच राहीन.

दूर्वांकुर | बुधवार, रात्री ९.३०

तर्कटी सहमत झाल्याची नोंद कोणत्या नमुन्यात करावी, हे निवृत्त_कारकून यांनी सांगावे.

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण कायदा बदलेपर्यंत ताईंना थांबता येणार नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहसदृश नाते' मान्य आहे, पण ते संरक्षणापुरते. वारसा त्यातून येत नाही. ताई, तुमचे मृत्युपत्र नसेल आणि तुम्हाला काही झाले, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमची स्वकष्टाची मिळकत तुमच्या दिवंगत पतीच्या वारसांकडे जाईल, म्हणजे दीर आणि पुतणे. तीन वर्षे तुम्हाला औषधे आणून देणारा माणूस त्या यादीत नाही. दोघांनीही स्वतंत्र मृत्युपत्रे करा, प्रत्येकावर दोन साक्षीदार घ्या, आणि नुसत्या नामनिर्देशनावर विसंबू नका. नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्त असते, मालक नसते. नीलपक्षी, हे तुम्हालाही लागू आहे.

सायंतारा | गुरुवार, सकाळी ७.५०

पुतण्यांचे वाचून मी रात्रभर जागी होते. त्यातला एक गेल्या नऊ वर्षांत एकदाही भेटलेला नाही.

सकाळी यांच्या धाकट्या मुलीला फोन केला आणि स्पष्ट सांगितले, की लग्न होणार नाही, मृत्युपत्र मात्र होईल, आणि तिच्या आईचे दागिने दोघी बहिणींचेच राहतील. ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारले, की पुढच्या वेळी बाबांना रुग्णालयात न्यावे लागले तर अर्जावर मी काय लिहिणार आहे. मी म्हटले, अजून ठरवलेले नाही. ती म्हणाली, 'माझा नंबर लिहा आणि मला लगेच फोन करा, नात्याचे मी तिथे येऊन बघते.'

सोमवारी अकरा वाजता वकिलांची वेळ मिळाली आहे. साक्षीदार म्हणून शेजारचे जोशी पतीपत्नी येणार आहेत. सर्वांत जास्त कुजबुज त्यांनीच केली होती.

नीलपक्षी | गुरुवार, सकाळी ८.१५

ताई, मृत्युपत्राला एकूण खर्च किती आला, ते सोमवारी इथे अवश्य कळवा. आम्हीही दोन करणार आहोत.